जूनमधला मुक्काम

जानेवारीतल्या एका उकाड्याच्या सकाळी नेरिडा कॉब धुण्याच्या खोलीत चादरी टाकून परत येत होती, तेवढ्यात कॅरॅव्हॅन पार्कच्या ऑफिसच्या खिडकीतून नव्या मुलीने तिला हाक मारली. मुलगी वीस-बावीसची, दातांना तारा लावलेली, नव्या मालकांनी आणलेली. “नेरिडा, हात पुढे करा हं,” ती म्हणाली, आणि डॉक्टरपुढे करावा तसा नेरिडाने निमूट हात पुढे केला. मुलीने मनगटाभोवती केशरी कागदाची पट्टी गुंडाळली, चिकटवली, वरून अंगठ्याने दाबली. “आता पोहायच्या तलावावर जा, बार्बेक्यूला जा, कुठेही जा, कुणी अडवणार नाही. सगळ्या पाहुण्यांना देतोय आम्ही.” नेरिडा तिला थँक यू म्हणाली. ते शब्द तोंडातून निघून गेले तरी आपण कशाबद्दल आभार मानले हे तिला कळलं नव्हतं. आपल्या गल्लीत वळल्यावर, पॅशनफ्रूटचा वेल दिसल्यावर, दारातली पायरी चढताना तिला ते कळलं, आणि ती तिथेच पायरीवर बसली. अकरा वर्षं ज्या पायरीवर बसून तिने वाटाणे सोलले, त्या पायरीवर तिला कुणीतरी पाहुणी म्हणालं होतं. तेही इतक्या गोड आवाजात, की भांडायलासुद्धा जागा नव्हती.

शेजारचा क्लॅरी नेहमीप्रमाणे बाहेर खुर्ची टाकून रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत होता. सगळी हयात गोदीत हमाली केलेला, आता ऐंशीच्या पुढचा, हाडाचा वात्रट. पट्टी बघून तो म्हणाला, “काय गं, इस्पितळातून पळून आलीस की काय?” “मलाही बांधत होती. म्हटलं, बाई, मेल्यावर पायाच्या अंगठ्याला बांधतात ती बांध, तोवर दम धर.” एरवी नेरिडा हसली असती. तिने आत जाऊन कात्री शोधली. पट्टी साध्या कात्रीने कापली जाईना. शेवटी मासे साफ करायच्या कात्रीने कापली, कचऱ्यात टाकली, वर चहाचा चोथा ओतला, आणि तरी दुपारभर तिला मनगटावर काहीतरी आवळल्यासारखं वाटत राहिलं. तिने घड्याळ काढून ठेवलं. मग ओट्याला हात टेकून ती कॅरॅव्हॅनकडे बघत उभी राहिली, म्हणजे आतून, चारी बाजूंनी. नवऱ्याने, मर्व्हने, पत्रे आणि लाकूड लावून पुढे बांधलेली खोली. त्या खोलीची भिंत आणि कॅरॅव्हॅनची भिंत यांच्यामधली फट, जी दर हिवाळ्यात ती जुन्या मोज्यांनी बुजवायची. खाली कुठेतरी चाकंही होती. त्यांच्यातली हवा कधीच गेली होती, आस गंजून मातीत बसला होता, आणि समोर जिरेनियमची रांग लावल्यामुळे ती चाकं गेली कित्येक वर्षं कुणी पाहिली नव्हती. घराला चाकं आहेत हे ती विसरून गेली होती. नव्या मालकांच्या मात्र ते बरोबर लक्षात होतं.

खरं म्हणजे ती इथे आठवडाभरासाठीच आली होती. गावातलं लाकडी घर विकून मर्व्हने ही कॅरॅव्हॅन घेतली, कारण निवृत्त झाल्यावर देशाला एक फेरा मारायचा हे त्याने लग्नाआधीपासून ठरवलं होतं. फेरा झालाही. लाल धुळीतून, माश्यांतून, कधी न संपणाऱ्या सरळ रस्त्यांवरून. परत येताना खाडीकाठच्या या पार्कमध्ये थांबले, तर मर्व्हला वाटलं जरा छपरी टाकू, मग वाटलं छपरीला भिंत करू, आणि भिंतीला खिडकी लावून होईपर्यंत त्याचं हृदय थकलं. खिडकीची एक काच अजूनही वाकडी आहे. तो गेला तेव्हा मुलगी, जॅनीन, वेरिबीहून गाडी घेऊन आली आणि म्हणाली, “आई, चल आता माझ्याकडे.” नेरिडा म्हणाली, “एवढा उन्हाळा काढते.” तो उन्हाळा काही संपला नाही. त्यात कसला मोठा निर्णय नव्हता. सकाळी मॅगपाय पक्षी ओरडतात, धुण्याच्या खोलीत दोन बायका भेटतात, ओहोटीला खाडीचा वास येतो, आणि माणूस एका जागी मुरत जातो. लोणच्यासारखा. त्याची तारीख सांगता येत नाही.

जुना मालक रेग बोलायला मोकळाढाकळा होता. त्याने पहिल्याच वर्षी बिअरचा कॅन हातात धरून तिला सांगितलं होतं, “हे बघ नेरिडा, सलग राहिलीस तर कायद्याने तू रहिवासी होतेस. रहिवासी झालीस की मला नसत्या भानगडी. म्हणून जूनमध्ये, ऐन थंडीत, सगळ्यांनी सहा आठवडे घरी जायचं. मग परत ये, मी कुठे नाही म्हणतोय?” कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिथे सगळेच असे होते, कुणी नवरा गेलेली, कुणी बायको सोडून गेलेला, कुणाची घरं घटस्फोटात वाटून संपलेली. समुद्राचा वारा आणि परवडणारी जागा मिळते आहे, तर माणसाने एवढं ऐकावं. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस पार्कात एक निराळीच गडबड असायची. फ्रीज पुसून दार उघडं टेकवून ठेवायचं, गॅसची टाकी बंद करायची, पडदे काढायचे, आणि एकमेकांना सांगायचं, “घरी चालले बाई.” सुट्टीच्या जागी राहणारी ही माणसं सुट्टीसाठी घरी जायची, आणि यावर दरवर्षी तोच विनोद व्हायचा. कुणी बहिणीकडे जाई, कुणी दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत. फिलिस म्हणून एक होती, ती बॅलरॅटच्या चुलतबहिणीकडे जाते म्हणून सांगे आणि दफनभूमीच्या रस्त्याला गाडी लावून गाडीतच झोपे. सगळ्यांना माहीत होतं. परत आली की सगळे विचारायचे, “काय म्हणते चुलतबहीण?” आणि फिलिस म्हणे, “बरी आहे, पाय दुखतात तिचे.” क्लॅरी तर जातच नसे. पडदे ओढून, हीटर न लावता, कानात रेडिओची वायर खुपसून डब्यातले बीन्स गार खात तो सहा आठवडे आत बसून काढी. रेगलाही ते ठाऊक होतं. नेरिडा मात्र जाई. ती आयुष्यभर टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसलेली बाई. नियम म्हटला की तिची पाठ आपोआप ताठ होई. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी तिची बॅग दारात असायची. रेग बाकीच्यांना म्हणायचा, “नेरिडाकडून शिका जरा.” आणि तिला त्याचं बरं वाटायचं. आता हे आठवलं की तिच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

पार्क विकलं गेलं होतं, आणि उन्हाळा संपता संपता नव्या मालकांच्या एका माणसाने सभागृहात सगळ्यांना चहा आणि लॅमिंग्टन केक देऊन सांगितलं की हंगामी पाहुण्यांचे करार यंदा नव्याने होणार नाहीत, इथे केबिनी उभ्या राहायच्या आहेत, तरी सर्वांनी जूनच्या आत आपापल्या कॅरॅव्हॅन हलवाव्यात. बोलणं इतकं मऊ, की लोक केक खात राहिले. हलवाव्यात! नेरिडाची कॅरॅव्हॅन उचलली असती तर तिची दोन शकलं झाली असती आणि मर्व्हची खोली जागच्या जागी बसली असती. जिलाँगच्या भाडेकरू सल्ला केंद्रातून थुई नावाची एक बाई आली. बुटकी, चपळ, सारखं कुठलंतरी अर्धवट खाल्लेलं सँडविच हातात. न्यायाधिकरणात दाद मागायची म्हणून तिने घरोघर बसून प्रश्न विचारले. सकाळी कुठे उठता, डॉक्टर कुठला, मांजराला कुठे पुरलंत. “न्यायाधिकरणाला तुम्ही कुठे राहता याच्याशी मतलब आहे,” ती म्हणाली, “कुणी तुम्हाला काय म्हणतं याच्याशी नाही. पण तुमचं अवघड आहे, नेरिडा. क्लॅरीचं सोपं आहे. ते कधी गेलेच नाहीत. तुम्ही दरवर्षी गेलात, ‘घरी जाते’ म्हणून सांगून गेलात, आणि तुमच्या लायसन्सवर पत्तासुद्धा वेरिबीचा आहे.” क्लॅरी मांडीवर थाप मारून हसला. “घे! सचोटीचं फळ. मी जन्मात पहिल्यांदा कायद्याच्या आत बसलोय आणि टपालवाली बाहेर!” मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं आणि तिच्या कपात न विचारता साखर घातली, जी ती घेत नसे. थुई निघताना दारात थांबली. “तुमची मुलगी साक्षीला आली तर फार मोठं काम होईल. तुम्ही तिथे राहत नाही, एवढं तिने सांगायचं. बस.”

बस! नेरिडा त्या रात्रीपासून त्या ‘बस’शी झगडत होती. कारण जॅनीनच्या घरात एक खोली होती, आणि तिला जॅनीन ‘आईची खोली’ म्हणत असे. मुलगा नोकरीला पर्थला गेला, नवरा तर त्याआधीच गेला होता, मग जॅनीनने ती खोली रिकामी केली, फिकट पिवळा रंग दिला, नवा पलंग घेतला, कपाटातले आपले कपडे, चपला काढून ते रिकामं केलं. कामावरच्या, दातांच्या दवाखान्यातल्या बायकांना ती सांगायची, आई माझ्याकडेच असते, तिकडे खाडीवर फक्त हवा खायला जाते. नेरिडाने हे एकदा फोनवर कानाने ऐकलं होतं आणि मूग गिळून बसली होती. पिवळा रंग मर्व्हला आवडायचा, तिला नाही. पण हे सांगायची वेळ रंग वाळण्याआधीची असते. त्या खोलीत गालिच्यावर टाकायच्या लॅव्हेंडरच्या भुकटीचा वास भरून असायचा, जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची, आणि पहाटे डोळे उघडले की आपण कुठे आहोत हे कळायला तिला वेळ लागायचा. पाऊस पडतोय की नाही हे त्या घरात कळतच नसे. छप्पर इतकं लांब. जॅनीन चांगली होती. तिच्या चांगुलपणातच सगळा घोळ होता. ती सकाळी कामावर जाताना चिठ्ठी ठेवायची, सूप फ्रीजमध्ये आहे, हीटर वाढव, मफलर घे. संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसायच्या, आणि जॅनीन अधूनमधून विचारायची, “काही हवंय का आई?” आणि नेरिडा म्हणायची, “नको गं, सगळं आहे.” तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते म्हणतात, इथे सहा आठवडे दोघीजणी एकमेकींच्या अकलेला सांभाळून घेत. परतीचा दिवस जवळ आला की नेरिडाला हुरूप यायचा, ती भांडी घासताना गुणगुणू लागायची, आणि मग लक्षात येऊन थांबायची. जॅनीन दुसऱ्या खोलीत असायची. तिने ऐकलं की नाही हे नेरिडाने कधी विचारलं नाही.

म्हणून तिने लेकीला एवढंच सांगितलं की न्यायाधिकरणात जायचं आहे, येशील का सोबत. “येईन की,” जॅनीन म्हणाली. “कुणीतरी हवंच तुझ्या बाजूने. हे लोक काय समजतात स्वतःला! आणि काही झालं तरी घाबरू नकोस, आपली खोली आहेच.” नेरिडाने फोन ठेवला. जिंकायचं तर हिच्या तोंडावर सांगावं लागणार की ती खोली माझी नाही. न सांगावं तर त्याच खोलीत मरेपर्यंत राहायला जायचं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मध्ये उभी आपली लेक, हातात मफलर घेऊन.

मे महिन्यातल्या त्या सकाळी जॅनीन पार्कवर तिला घ्यायला आली तेव्हा तिने निळा कोट घातला होता, लग्नकार्याला घालायचा. आत आली नाही, गाडीतूनच तिने हॉर्न दिला. रस्ताभर ती बोलत होती, दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबद्दल, पर्थला गेलेल्या मुलाच्या मैत्रिणीबद्दल, आणि नेरिडा खिडकीबाहेर बघत हो हो म्हणत होती. आत्ता सांगावं. या वळणानंतर सांगावं. त्या पेट्रोल पंपाच्या पुढे सांगावं. तिला आठवलं, जॅनीन सहा वर्षांची असताना तिला शाळेच्या शनिवारच्या सहलीला सोडायला अशीच ती गाडीतून निघाली होती, आणि सहल रद्द झाली आहे हे आदल्या दिवशीच कळलेलं असून तिला सांगवलं नव्हतं. मुलीचा आनंद बघत बघत ती शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती. फाटकाला कुलूप बघून जॅनीन रडली नव्हती. “तुला माहीत होतं ना?” एवढंच तिने विचारलं होतं. नेरिडाने तेव्हाही नाही म्हणून सांगितलं होतं. जिलाँगला पोचून गाडी लावली, तरी तिचं तोंड बंदच होतं. जॅनीनने उतरून तिची कॉलर नीट केली.

दालन छोटं होतं, दवाखान्याच्या प्रतीक्षालयासारखं. निवाडा देणाऱ्या सदस्यबाईंना सर्दी झालेली, त्या तोंडात खोकल्याची गोळी इकडून तिकडे फिरवत होत्या. पार्ककडून हॅलोरन नावाचा तरुण आला होता, अतिशय सभ्य. थुईच्या बाजूला नेरिडा, मागच्या रांगेत जॅनीन, आणि तिच्या शेजारी क्लॅरी, ज्याने टाय बांधला होता आणि तो सतत ओढत होता. हॅलोरनने प्रश्न सावकाश विचारले. दर जूनमध्ये आपण पार्क सोडत होता? हो. स्वेच्छेने? “रेग सांगायचे म्हणून.” पण कुणी ढकलून बाहेर काढलं नाही? नाही. कुठे जात होता? “मुलीकडे.” तिथे आपल्याला खोली आहे? “आहे.” निघताना ऑफिसात आपण काय सांगत होता, मिसेस कॉब? नेरिडाने थुईकडे पाहिलं. “घरी चालले म्हणून.” हॅलोरनने मान हलवली, जणू तिने त्याला बसायला खुर्ची दिली. “इतर पाहुणेही तेच सांगत. सुट्टी संपली की माणूस घरी जातो. यात गैर काहीच नाही.” आणि त्याच क्षणी नेरिडाला मागे न बघता कळलं की जॅनीन मान डोलावते आहे. पाठीला कळलं. आपल्या आईच्या बाजूने आलेली जॅनीन, त्या परक्या माणसाच्या बोलण्यावर, त्याला विरोध करायचा आहे हे विसरून, मनापासून मान डोलावत होती. घरी. माझ्याकडे. खरंच आहे.

सदस्यबाईंनी गोळी गालात सरकवली. “मिसेस कॉब, मी सरळ विचारते. आपलं घर कुठे आहे?”

एवढा साधा प्रश्न. टपाल कचेरीच्या खिडकीतून तिने हजारो माणसांना तो विचारला होता, वर न बघता. आता तिच्यापुढे तो प्रश्न होता आणि तिच्या डोक्यात पिवळी भिंत, वाकडी काच, लॅव्हेंडर, खाडी, फिलिसची चुलतबहीण, सगळं एकमेकांत मिसळत चाललं. तिला वाटलं, हरावं. हरणं किती सोपं आहे. मुलीचा पत्ता सांगायचा, सगळे उठतील, जॅनीन हात धरून गाडीत बसवेल, सूप गरम करेल. कुणाला काही कळणार नाही. आणि मग रोज पहाटे डोळे उघडतील तेव्हा छपरावर पाऊस ऐकू येणार नाही, आणि ती विचार करत पडून राहील की आपण कुठे आहोत, आणि उत्तर येईल, इथे. आता इथेच. ते भय होतं, आणि साध्या भाषेत सांगायचं तर मरणाचं होतं.

“माझ्या मुलीचं घर फार चांगलं आहे,” ती म्हणाली.

“ते मी विचारलं नाही.”

“नाही. हो. कळलं मला.” तिने पेल्यातलं पाणी प्यायलं. “मी पार्कमध्ये राहते. तिकडे मी जाते. जावं लागतं म्हणून जाते. राहते मी इथे. म्हणजे तिथे, खाडीवर. माझा डॉक्टर तिथला, माझे लोक तिथले. जूनमध्ये मी मुलीकडे...” आणि इथे तिला चांगला शब्द सापडला असता. भेटायला जाते, आराम करायला जाते, काहीही. पण अकरा वर्षं जो शब्द ती मनात म्हणत आली होती तोच जिभेवर आला. “जूनमध्ये मी तिकडे दिवस काढते.”

क्लॅरीच्या खुर्चीचा आवाज झाला. नेरिडाला वळून बघायचं होतं आणि मान वळत नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण चावा इतका खोल बसेल असं तिला वाटलं नव्हतं. थुईने शांतपणे जॅनीनला पुढे बोलावलं. निळा कोट तिच्या खांद्याजवळून गेला. समोरच्या खुर्चीत बसताना जॅनीनने आईकडे पाहिलं नाही. तिने कोटाची बटणं लावून घेतली, खालपासून वर, सगळी.

“आपल्याकडे आईसाठी खोली आहे,” हॅलोरन म्हणाला.

“आहे.”

“आईचीच खोली म्हणता ना तिला?”

“मी म्हणते.” जॅनीन थांबली. “आई म्हणत नाही. ती फोनवर या काकांना,” तिने क्लॅरीकडे बोट केलं, “‘पाहुण्यांच्या खोलीतून बोलते’ असं सांगते. आमच्या भिंती पातळ आहेत.”

क्लॅरीने टाय सोडला आणि खाली मान घातली. हॅलोरन म्हणाला, “पण त्या तिथे राहतात. दरवर्षी. सहा आठवडे.”

“साहेब, त्या खोलीत एक कपाट आहे. ते मी आईसाठी रिकामं केलं. ते अजून रिकामंच आहे. ती बॅगेतून कपडे काढते आणि घडी करून परत बॅगेत ठेवते. तिचा टूथब्रशसुद्धा बाथरूममध्ये नसतो. दात घासून झाले की ती तो कागदात गुंडाळून खोलीत नेते.” तिचा आवाज अगदी सपाट होता, दवाखान्यात पुढची वेळ सांगताना असतो तसा. “निघायच्या आदल्या दिवशी ती गाणं म्हणते. एरवी कधी म्हणत नाही. माझ्या घरात कोण राहतं ते मला माहीत आहे. मी राहते. एकटी.”

सदस्यबाई लिहीत होत्या. त्यांनी लिहिणं थांबवून क्षणभर जॅनीनकडे पाहिलं, मग हॅलोरनला विचारलं, आणखी काही? त्याने नाही म्हणून सांगितलं. तो खरोखरच सभ्य होता. चहाच्या सुट्टीत जॅनीन बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. नेरिडा खिडकीतून बघत होती. जॅनीन कुणाशी फोनवर बोलत नव्हती, रडत नव्हती, नुसती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. जावं का तिच्याकडे? जाऊन काय सांगावं, मी तसं म्हटलं नव्हतं? तिने तसंच म्हटलं होतं. शिवाय आत कुठेतरी, लाज वाटावी अशा जागी, तिला हायसं वाटत होतं. इतकी वर्षं ती मुलीला फसवत होती असं तिला वाटत होतं, आणि फसलं कुणीच नव्हतं. मग इतकी वर्षं ती सूप गरम करणारी, मफलर पुढे करणारी बाई सगळं माहीत असून ते करत होती. नेरिडाला हा विचार पुढे नेता येईना.

निकाल तिथेच, तोंडी, झाला. मालकाच्या सांगण्यावरून काही आठवडे दूर राहिल्याने माणसाचं राहणं तुटत नाही, सदस्यबाई म्हणाल्या. मिसेस कॉब कायद्याने रहिवासी आहेत. हंगाम संपला एवढ्या कारणावरून त्यांना उठवता येणार नाही. यापुढे त्यांनी जागा सोडून जाण्याचीही गरज नाही. थुईने नेरिडाचा दंड इतका जोरात दाबला की तो दुखला. क्लॅरी म्हणाला, “टपालवाली, आता तू कायदेशीर झालीस बघ. आता तुझ्याशी जपून बोललं पाहिजे.” आणि मग हळूच, “लेकीला घेऊन चहाला या दोघी. मी केक आणतो.” तो थुईच्या गाडीतून गेला. नेरिडा जॅनीनच्या गाडीत बसली. पट्टा तिला लागेना, तो जॅनीनने लावून दिला.

जाताना जॅनीन बोलत होती, येताना ती बोलत नव्हती, आणि तेवढ्यानेच तो रस्ता निराळा झाला होता. पेट्रोल पंप गेला, वळण गेलं. पिवळं पडलेलं गवत, मेंढ्या, पलीकडे तेलशुद्धीकरणाची धुरांडी, सगळं जिथल्या तिथे होतं. नेरिडा जिंकली होती. ती स्वतःला हे सांगत होती, जिंकलीस तू, आता पायरी तुझी, पाऊस तुझा, आणि आनंद होण्याची वाट बघत होती. आनंद होतही होता, थोडा थोडा. त्याला वर येऊ द्यायची चोरी वाटत होती, शेजारी ही बसलेली असताना. “जॅनीन,” ती एकदा म्हणाली. “हं?” “रंग चांगला आहे तो. पिवळा.” जॅनीनने आरशात बघून गाडी दुसऱ्या रांगेत घेतली. “तुला नाही आवडत तो, आई. बाबांना आवडायचा. रंगवून झाल्यावर आठवलं मला.”

पार्कच्या प्रवेशावरच्या आडव्या दांडीपाशी गाडी थांबली. आत केबिनींसाठी आखलेल्या जागांवर गुलाबी फिती फडफडत होत्या. जॅनीनने इंजिन बंद केलं नाही. “क्लॅरी केक आणणार आहे,” नेरिडा म्हणाली. “पाच मिनिटं ये ना आत.” जॅनीन म्हणाली, उद्या सकाळचा दवाखाना आहे, उशीर होईल. तिने मागच्या सीटवरून आईची पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली, काही विसरलं नाही ना ते बघितलं. मग स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत ती म्हणाली, “म्हणजे आता जूनमध्ये तुला कुठे जायला नको.”

“नको,” नेरिडा म्हणाली. आणि मग घाईघाईने, “पण मी येईन ना तुझ्याकडे.”

“कशाला?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नेरिडाला उत्तर देता आलं असतं. तिने आठवून बघितलं. गेल्या अकरा जूनांत ती एकदाही लेकीला भेटायला म्हणून गेली नव्हती, आणि रेगने तिला हाकललं नसतं तर ती एकदाही गेली नसती. ‘तुझ्यासाठी’ हा शब्द तिला सापडला. तो तोंडात आला, तिथेच थांबला, कारण तो खरा आहे की नाही हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, आणि समोरच्या बाईला खोटं ओळखता येत होतं. जॅनीन तिच्याकडे बघत होती, कपाळाला किंचित आठी घालून. नेरिडाच्या लक्षात आलं, की तिने हे खरोखरच विचारलं आहे, आणि ती उत्तरासाठी थांबली आहे.